आई-वडिलांचं ग्रीन कार्ड आणि परतीचे कागद : अमेरिकेत नागरिक झालेल्या कोल्हापूरच्या मुलामुलींना खुले पत्र

प्रिय मुलामुलींनो,

तुमच्यापैकी बहुतेकांना मी ओळखत नाही. तुमच्या आई-वडिलांना मात्र ओळखते. राजारामपुरी, ताराबाई पार्क, नागाळा पार्क, रुईकर कॉलनी अशा सगळ्या भागांतून ते आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात येतात. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी तिथे लोकांचे फॉर्म भरून द्यायला बसते. पेन्शनचे, विम्याचे, वारसनोंदीचे कागद असतातच. अलीकडे ग्रीन कार्ड, म्हणजे अमेरिकेत कायम राहायचा परवाना, घेऊन येणारेही खूप वाढलेत. ‘परत जायचंय, काही कागद लागतात का बघा,’ असं म्हणून ते कार्ड माझ्यापुढे ठेवतात. अमेरिकेबाहेर किती महिने झाले असं मी विचारलं की बरेचदा दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

हे पत्र त्यासाठी लिहिते आहे. तुम्ही अर्ज करून आई-वडिलांना अमेरिकेतलं कायमचं वास्तव्य मिळवून दिलंत, ते प्रेमापोटीच. पण त्या वास्तव्याच्या अटी त्यांना समजतील अशा भाषेत सांगायचं राहून गेलं. विमानतळावरच्या काउंटरवर प्रश्न विचारले जातात ते त्यांना. तेव्हा तुम्ही काचेच्या पलीकडे, सामान येतं त्या बाजूला, त्यांची वाट पाहत उभे असता.

आई-वडिलांसाठी अर्ज करता येतो तो फक्त अमेरिकन नागरिकाला, तोही वयाची २१ वर्षं पूर्ण केलेल्या. म्हणजे तुम्ही स्वतः त्या सगळ्या वाटेवरून गेलेले आहात: विद्यार्थी व्हिसा, नोकरीचा व्हिसा, कार्ड, मग नागरिकत्वाची शपथ. आई-वडिलांचा खर्च उचलण्याची हमी म्हणून आय-८६४ नावाच्या कागदावर सहीही तुमचीच आहे. तुम्हाला हा कायदा ठाऊक आहे. त्यांना ठाऊक आहे ते एवढंच, की मुंबईला इंटरव्ह्यू झाला, मेडिकल झालं, आणि मुलाच्या घरी टपालाने एक कार्ड आलं. कितीतरी जण ते कार्ड हातात पडल्यावर महिन्याभरात कोल्हापूरला परतले.

ते परत येतात यात त्यांची चूक काहीच नाही, हे आधी सांगते. नोव्हेंबर आला की हयातीचा दाखला द्यायचा असतो. तो आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो, पण सत्तरीतला माणूस बँकेत जाऊन सही केल्याशिवाय निर्धास्त होत नाही. ज्यांची शेती आहे त्यांना ऊसतोडीच्या वेळी गावात असावं लागतं. गुडघ्याचं ऑपरेशन करायचं तर ते इथेच परवडतं. तिकडे पासष्टी ओलांडलेल्या कार्डधारकाला मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्यात पैसे भरून शिरायचं तरी आधी सलग ५ वर्षं अमेरिकेत राहिलेलं असावं लागतं, आणि तोवर खासगी विम्याचा हप्ता मुलाच्या डोक्यावर. चैत्रात जोतिबा, नवरात्रात अंबाबाई, भावकीतली लग्नं, आजारी बहीण. ज्या माणसांचं सगळं आयुष्य या गावात गेलं, ती इथे ओढली जाणारच.

पण ग्रीन कार्ड दिलं जातं ते अमेरिकेत राहण्यासाठी. अधूनमधून येऊन जाण्यासाठी व्हिजिटर व्हिसा असतो. हा फरक तुम्हाला माहीत आहे. तो आई-वडिलांपर्यंत पोहोचलेला नाही.

आमच्याकडे येणाऱ्यांच्या मनात दोन समजुती घट्ट बसलेल्या असतात. पहिली अशी, की कार्डावर १० वर्षांची मुदत छापली आहे, म्हणजे १० वर्षं काळजी नाही. बँकेतल्या माणसाला हे असं समजावता येतं: पासबुक संपलं म्हणून खातं बंद होत नाही, आणि पासबुक नवंकोरं आहे म्हणून खात्यात शिल्लक असते असंही नाही. १० वर्षांची मुदत त्या प्लास्टिकच्या कार्डाची आहे. वास्तव्याचा हक्क टिकतो तो माणूस खरोखर तिथे घर करून राहतो की नाही यावर. कार्डाची मुदत संपली तरी हक्क आपोआप जात नाही, आणि कार्डाला ८ वर्षं बाकी असली तरी हक्क धोक्यात येऊ शकतो.

दुसरी समजूत जास्त घातक आहे, आणि ती पसरवण्यात तुमच्या मित्रमंडळींचा वाटा मोठा आहे. ‘सहा महिन्यांच्या आत एकदा टेकून यायचं, की झालं.’ असा नियम कुठेही लिहिलेला नाही. सलग १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलेल्या कार्डधारकाला अमेरिकेचा कायदा नव्याने प्रवेश मागणारा माणूस मानतो, एवढं खरं आहे. त्यामुळे अधिकारी अधिक खोलात जाऊन विचारू शकतो. पण त्याचा अर्थ १७० दिवसांनी जाऊन तीन आठवडे राहिलं की सगळं सुरक्षित, असा होत नाही. वर्षानुवर्षं कोल्हापुरात दहा महिने आणि तिकडे दोन महिने असा पासपोर्टावरच्या शिक्क्यांचा क्रम दिसला, तर अधिकारी सरळ विचारतो: तुमचं घर कुठे आहे? आणि आपल्या आया खोटं बोलत नाहीत. त्या सांगतात, कोल्हापूरला.

सलग १ वर्ष किंवा त्याहून जास्त बाहेर राहिलं की मामला बदलतो. त्यानंतर नुसतं कार्ड हे प्रवेशाचं कागदपत्र म्हणून चालत नाही. बहुधा मुंबईच्या चेक-इन काउंटरवरच घोडं अडतं. विमान कंपनी योग्य कागद नसलेल्या प्रवाशाला घेऊन गेली तर तिला दंड होतो, त्यामुळे तिथला माणूस विनवण्यांनी बधत नाही. मुलाचा फोन लावून दिला तरी नाही.

वर्षाच्या आत परतणाऱ्याला नियमाने दोनच गोष्टी लागतात: भारताचा चालू पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड. व्हिसा लागत नाही. पण अधिकाऱ्याला शंका आली तर तिथे राहत असल्याचा पुरावा हवा, आणि इथे मला तुमचा राग येतो. पुरावे तुमच्याकडे असतात. अमेरिकेत भरलेलं टॅक्स रिटर्न, तिथल्या बँकेचं स्टेटमेंट, विम्याचं कार्ड, त्या राज्याचं ओळखपत्र, तुमच्या घराच्या पत्त्यावर त्यांच्या नावाने आलेली टपालं, हे सगळं तुमच्या लॅपटॉपमध्ये असतं. निघायच्या आदल्या रात्री तुम्ही ते व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ करून पाठवता. अठरा-वीस तासांच्या प्रवासानंतर, रोमिंग नसलेल्या फोनमध्ये, चष्मा हँडबॅगेत आणि हँडबॅग व्हीलचेअर ढकलणाऱ्या मदतनिसाकडे, अशा वेळी ते पीडीएफ कोण उघडणार? छापा. फाइल करा. ती फाइल आईच्या खांद्याला लावायच्या पिशवीत असू दे, चेक-इनच्या बॅगेत नको.

अबुधाबीमार्गे जाणाऱ्यांना आणखी एक सांगायला हवं. तिथे अमेरिकेची प्रवेशतपासणी विमान सुटण्याआधी अबुधाबीतच होते. आई-वडिलांच्या डोक्यात असतं की अमेरिकेत उतरल्यावर मुलगा बाहेर असेल, काही अडलं तर तो बघेल. प्रश्न सुरू होतात ते वाळवंटातल्या त्या विमानतळावर, आणि तेव्हा तुमच्याकडे मध्यरात्र असू शकते. कोणत्या मार्गाचं तिकीट काढलंय आणि तपासणी कुठे होणार, हे त्यांना आधी सांगा. इंग्रजी समजत नसेल तर दुभाषा मागता येतो, मराठी दुभाषा मागावा, हेही सांगा. उगाच मान डोलावून ‘यस यस’ म्हणण्याने आमच्या माणसांचं जेवढं नुकसान झालंय तेवढं दुसऱ्या कशाने झालं नसेल.

आता री-एंट्री परमिटकडे, म्हणजे परतप्रवेशाच्या परवान्याकडे येते, कारण सगळ्यात जास्त हळहळ मला याच कागदाबद्दल वाटते. आई-वडिलांना वर्षाहून जास्त काळ बाहेर राहावं लागणार हे आधी दिसत असेल, तर त्यासाठी कायद्यानेच एक वाट ठेवली आहे. आय-१३१ हा फॉर्म भरायचा. परमिट मिळालं की ते साधारण २ वर्षं चालतं आणि तेवढ्या काळात, केवळ वर्ष उलटून गेलं या कारणाने प्रवेश अडत नाही. अट एकच, पण ती पक्की: अर्ज दाखल करताना माणूस अमेरिकेत हजर असला पाहिजे. मग बोटांचे ठसे आणि फोटो द्यायला बोलावतात, तेही अमेरिकेतच. ठसे देऊन झाले की भारतात परतायला हरकत नाही; तयार परमिट मुंबईच्या वकिलातीत मागवून घेण्याची सोय अर्जातच असते.

मला भेटणाऱ्या माणसांना या परमिटाचं नाव पहिल्यांदा कळतं ते कोल्हापुरात बसून, दहावा-अकरावा महिना लागल्यावर. कुणीतरी व्याही सांगतो, कुणीतरी देवळात भेटलेली बाई सांगते. मग ते माझ्याकडे येतात आणि म्हणतात, तेवढा फॉर्म भरून द्या. तो इथून भरता येत नाही, हे त्यांना सांगताना मला फार वाईट वाटतं. तुम्ही हेच त्यांना तिकडे, तुमच्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं असतंत तर परतीचं तिकीट काही आठवडे पुढे ढकलून काम झालं असतं. म्हणून सांगते, आई-वडिलांचं परतीचं तिकीट काढण्याआधी त्यांना विचारा: या वेळी किती दिवस राहणार? ऑपरेशन आहे का? घराचं बांधकाम आहे का? धाकटीच्या बाळंतपणाला थांबणार आहात का? उत्तरात एका वर्षाच्या जवळपास जाणारं काही ऐकू आलं तर आधी आय-१३१, मग तिकीट.

या परमिटाच्या मर्यादाही सांगा, नाहीतर ती तिसरी समजूत होईल. त्याची मुदत वाढवून मिळत नाही. नवं हवं तर पुन्हा तिथे जाऊन नवा अर्ज. कार्ड मिळाल्यापासून, किंवा गेल्या ५ वर्षांत, ४ वर्षांहून जास्त काळ बाहेर काढलेल्या माणसाला सहसा १ वर्षाचंच परमिट देतात. आणि परमिट असलं तरी अधिकारी वास्तव्याबद्दल विचारू शकतो. हाती परमिट असलं की प्रवेशाची हमी मिळाली असं धरून चालू नका.

वर्ष उलटून गेलंय आणि परमिट नाही, अशांसाठी एक दार उरतं. मुंबईच्या अमेरिकन वकिलातीकडे डीएस-११७ हा फॉर्म भरून ‘परतणारा रहिवासी’ म्हणून एसबी-१ व्हिसा मागायचा. त्यात तीन गोष्टी पटवाव्या लागतात: निघताना परतण्याचा इरादा होता, तो इरादा टिकून आहे, आणि उशीर आपल्या हाताबाहेरच्या कारणाने झाला. कोविडच्या काळात याची झळ आपल्या कितीतरी घरांना लागली. २३ मार्च २०२० पासून आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानं बंद झाली आणि नेहमीची वाहतूक पुन्हा सुरू झाली ती २७ मार्च २०२२ ला. मधे खास उड्डाणं होती, पण साठी-सत्तरीच्या माणसाला त्या दिवसांत मुंबईपर्यंत जाणंही जिवावरचं वाटत होतं. तेव्हा ज्यांनी रद्द झालेली तिकिटं, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड जपून ठेवलं, त्यांच्याकडे दाखवायला काहीतरी होतं. बाकीच्यांकडे खरी कहाणी होती आणि कागद एकही नव्हता.

त्यामुळे वडील घसरून पडले आणि हाड मोडलं, तर प्लास्टर घालण्याच्या दिवसापासून कागद गोळा करायला लागा. डॉक्टरांकडून प्रवास करू नये असं तारीख घालून, शिक्क्यासकट, इंग्रजीत लिहून घ्या. तिकीट पुढे ढकलल्याचा ईमेल छापून ठेवा. ‘करमलं नाही म्हणून थांबलो’ हे कारण माणूस म्हणून मला शंभर टक्के पटतं, वकिलातीला पटत नाही. एसबी-१ मंजूर झाला तरी पुन्हा मेडिकल, पुन्हा फी, पुन्हा इंटरव्ह्यू आहेच. त्यासाठी महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रभर बसून मुंबई गाठायची, सकाळी दादरला उतरून टॅक्सीने वांद्रे-कुर्ला संकुल. त्या वयात हे किती जड जातं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं नाही.

कार्ड हरवलं तर? २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेच्या पाण्याने इथे घरंच्या घरं भिजली. कपाटातले दस्तऐवज, सात-बारे, पासपोर्ट सगळं चिखल झालं. बाहेर जाऊन वर्ष झालेलं नसेल तर आय-१३१-ए नावाचा वेगळा अर्ज आहे. फी ऑनलाइन भरायची, वकिलातीत स्वतः हजर राहायचं, मग विमानात बसण्यापुरता कागद मिळतो. कार्डाची दोन्ही बाजूंची प्रत तुमच्याकडे आणि त्यांच्याकडे, दोन ठिकाणी ठेवा. एवढं पुरे.

ज्या गोष्टीमुळे मी हे पत्र लिहायला बसले ती आता सांगते. आमच्या ओळखीच्या एक काकू नवऱ्याच्या आजारपणात वर्षाहून अधिक काळ इथे अडकल्या. ते गेले. दिवसकार्य झालं, आणि मुलीने ‘आई, तू ये बघू आधी’ म्हणून तिकीट पाठवलं. वाटेत कुणी अडवलं नाही. अमेरिकेतल्या एका विमानतळावर त्यांना आतल्या खोलीत बसवलं, बराच वेळ प्रश्न विचारले आणि शेवटी एका कागदावर सही घेतली. आत जाऊ दिलं. काकूंना वाटलं, चौकशी संपली, सुटलो. मुलीच्या घरी गेल्यावर कळलं की तो कागद आय-४०७ होता. वास्तव्याचा हक्क मी स्वखुशीने सोडते आहे, असं त्यावर लिहिलेलं होतं. कार्ड तिथेच राहिलं.

आय-४०७ वरची सही ऐच्छिक असते. नाही म्हणता येतं. अधिकाऱ्याला वाटलं म्हणून तेवढ्यावर कुणाचा हक्क संपत नाही. कार्डधारकाने सही नाकारली तर प्रकरण इमिग्रेशन न्यायाधीशापुढे जाऊ शकतं, आणि या माणसाने वास्तव्य सोडलं हे तिथे सरकारला सिद्ध करावं लागतं. हे एक वाक्य काकूंना कुणी आधी सांगितलं असतं तर नवऱ्याच्या आजारपणाचे, मृत्यूचे सगळे कागद घेऊन त्यांना आपली बाजू मांडता आली असती. निकाल काय लागला असता ते सोडा. त्यांना बोलायची संधी मिळाली असती. आई-वडिलांना फॉर्मचा हा एक नंबर तरी पाठ करून घ्या: आय-४०७. समजल्याशिवाय त्यावर सही करायची नाही. कुणाला फोन करायचा, तुमचा नंबर, वकिलाचा नंबर, हे मोठ्या अक्षरात मराठीत लिहून पासपोर्टाच्या कव्हरमध्ये ठेवून द्या.

टॅक्सबद्दल बोलायला तुम्ही सगळेच टाळता. ग्रीन कार्ड घेतलं की जगभरातलं उत्पन्न अमेरिकेच्या रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. बाबांची पेन्शन, जिल्हा बँकेतल्या आणि पतसंस्थेतल्या ठेवींचं व्याज, दुकानाचं भाडं, सगळं. दोन देशांतल्या कराराने कर दुहेरी बसू नये अशी व्यवस्था आहे, पण दाखवणं चुकत नाही. शिवाय अमेरिकेबाहेरच्या खात्यांतली एकूण रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर त्याची माहिती वेगळी द्यावी लागते. निवृत्तीचे पैसे ठेवीत टाकलेल्या माणसाची ही मर्यादा कधीच ओलांडलेली असते. आईचं नाव जोडीला असलेली खातीही त्यात आली. आणि कर वाचावा म्हणून कुणी त्यांचं रिटर्न ‘अनिवासी’ म्हणून भरलं असेल, तर आपण अमेरिकेत राहत नाही असं त्यांच्याच नावाने लिहून दिल्यासारखं होतं. पुढे प्रवेशाच्या वेळी हाच कागद त्यांच्या विरोधात निघू शकतो. ३५ वर्षं चोख हिशेब ठेवलेल्या माणसाला, तुम्ही नकळत दोन देशांच्या कागदांत वेगवेगळं बोलत होतात, हे सांगायची वेळ माझ्यावर आली आहे. त्या माणसाचा चेहरा मी विसरू शकत नाही.

मग मुळातच विचारते. त्यांना तिथे राहायचंय का?

काहींना राहायचं असतं. नातवंडांत जीव रमतो, देऊळ आहे, मराठी मंडळ आहे, बर्फ पडला तरी त्यांचं काही अडत नाही. त्यांनी तिथे नीट राहावं, ५ वर्षांनी नागरिकत्वाचाही विचार करावा. शेतजमीन असलेल्यांना तिथे एक शंका येते, तिचं उत्तर देऊन ठेवते: अमेरिकन नागरिक होऊन ओसीआय (भारतीय मूळ असलेला, भारतात तशी नोंद झालेला परदेशी नागरिक) झालेल्या माणसाला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही, कार्डधारक मात्र भारताचाच नागरिक असतो. वारसाने आलेली जमीन ठेवता येते.

पण पुष्कळांना राहायचं नसतं, आणि ते तुम्हाला सांगत नाहीत. मुलाने एवढा खर्च केला, एवढी धावपळ केली, नाही कसं म्हणायचं. आमच्या संघात बसून ते मला सांगतात. अशांसाठी सरळ वाट आहे: आपणहून, शांतपणे, वकिलाला विचारून आय-४०७ भरून पाठवायचा. तो टपालाने पाठवता येतो, त्यासाठी विमानतळावरच्या खोलीत बसावं लागत नाही. मग व्हिजिटर व्हिसाचा अर्ज. भारतीयांना तो १० वर्षांपर्यंतचा मिळू शकतो, आणि एका भेटीत बहुधा ६ महिन्यांपर्यंत राहू देतात. मुंबईत त्याच्या इंटरव्ह्यूसाठी फार थांबावं लागतं आणि व्हिसा मिळेलच असं कुणी लिहून देत नाही, तेव्हा नातीचं बारसं तोंडावर आल्यावर हा विचार सुरू करू नका. पण यात दर खेपेला छातीत धडधड घेऊन काउंटरपुढे उभं राहणं नाही. मी अशी माणसं पाहिली आहेत. कार्ड परत केल्यावर त्यांची झोप परत आली.

आणखी एक कारण असतं, ते घरात मोठ्याने बोललं जात नाही. आईच्या किंवा वडिलांच्या कार्डावर लग्न न झालेल्या धाकट्या भावासाठी किंवा बहिणीसाठी अर्ज टाकलेला असतो. त्याची रांग वर्षानुवर्षांची. आई-वडिलांनी वास्तव्य सोडलं तर तो अर्ज बुडतो, म्हणून त्यांना दर काही महिन्यांनी नेऊन आणायचं. भावंडांसाठी झटणं वाईट नाही. पण पंचाहत्तरीच्या माणसाने कोणासाठी दर सहा महिन्यांनी विमानात बसायचं हे त्याला कळलं पाहिजे, आणि त्याने स्वतः ‘हो’ म्हटलेलं असलं पाहिजे.

शेवटची विनंती खास आईबद्दल आहे. आपल्या घरांत कागद वडिलांच्या हातात असतात. फाइल एकच, त्यांच्या नावाची, आणि आईचा पासपोर्ट त्यात मागे खोचलेला. अमेरिकेच्या दृष्टीने दोघांचा हक्क वेगवेगळा आहे, प्रवासाचे दिवस वेगवेगळे मोजले जातात, प्रश्न वेगवेगळे विचारले जातात. वडील ऑपरेशनसाठी थांबले आणि आई लेकीच्या बाळंतपणाला जाऊन आली, की दोघांच्या तारखा एक राहत नाहीत. आईच्या कागदांत नावाचाही घोळ असतो: पासपोर्टावर सासरचं, जन्मदाखल्यावर माहेरचं, आधारवर नवऱ्याचं नाव मधे, तिकिटावर ते गायब. दोघांच्या वेगळ्या फाइली करा. तिच्या नावाचा पत्ता, तिच्या नावाचं बँक खातं, तिचं स्वतःचं ओळखपत्र तिथे तयार करा. पुढच्या वेळी व्हिडिओ कॉल कराल तेव्हा फोन बाबांकडून तिच्या हातात द्यायला सांगा, आणि तिला एकटीला विचारा की तिला कुठे राहायचंय. तिचं उत्तर ऐकल्याशिवाय या वर्षीची तिकिटं काढू नका.

तुमच्या आई-वडिलांची,
कोल्हापुरातली एक निवृत्त बँक अधिकारी